एमई-२६२ : चकाकत्या रंगाखालचा इतिहास (धागा)

परदेशातील लष्करी विमान-संग्रहालयाला भेट देणारा मराठी तरुण आता दुर्मीळ राहिलेला नाही. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेले अनेक इतिहासप्रेमी वॉशिंग्टन, लंडन, म्युनिक यांपैकी कुठेतरी दुसऱ्या महायुद्धातील जुन्या जेट विमानांसमोर उभे राहतात, छायाचित्र काढतात आणि समाजमाध्यमांवर टाकतात. या छायाचित्रांत एक विमान वारंवार दिसते : मेसरश्मिट एमई-२६२. शार्कमाशासारखे निमुळते नाक, किंचित मागे वळलेले पंख, पंखांखाली लटकणारी दोन जेट इंजिने. खाली बहुधा एकच ओळ असते : जगातील पहिले लढाऊ जेट.

हा धागा त्या विमानाविषयी आहे. त्याहूनही अधिक तो त्या विमानाच्या रंगाविषयी आहे.

मत आरंभीच मांडलेले बरे. संग्रहालयातील पूर्वरूपात आणलेले विमान हे दिसते तितके निष्पाप नसते. कोणत्या दिवसाचे 'पूर्वरूप' निवडायचे, हा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो, आणि एमई-२६२च्या बाबतीत तो निर्णय जवळजवळ नेहमीच वैमानिकाच्या बाजूने घेतला गेला आहे. ज्यांनी हे विमान घडवले त्यांतील हजारो माणसे छळछावणीतील कैदी होती. त्यांची नोंद सहानुभूतीपोटी लावलेल्या एखाद्या कोपऱ्यातील फलकावर नव्हे, तर विमानाच्या तांत्रिक वर्णनातच असायला हवी. कारण ती बाब तांत्रिकच आहे.

प्रथम विमानाचा थोडक्यात परिचय. सांगाडा तयार होता, इंजिने तयार नव्हती. म्हणून १८ एप्रिल १९४१ रोजी एमई-२६२ प्रथम उडाले ते नाकात बसवलेल्या साध्या पंखा-इंजिनावर. केवळ जेट इंजिनांवरचे पहिले उड्डाण १८ जुलै १९४२ रोजी लाइपहाइम येथे फ्रिट्झ वेंडेल या चाचणी-वैमानिकाने केले. ताशी सुमारे ८७० किलोमीटर वेग, नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा. दोस्तांचे उत्तम पंखा-इंजिनाचे लढाऊ विमानही वेगात त्याच्या दीडशे किलोमीटर मागे होते. 'श्वाल्बे' म्हणजे पाकोळी हे त्याचे नाव. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,४३० विमाने बांधली गेली, पण त्यांतील फारच थोडी प्रत्यक्ष लढाईत उतरू शकली.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा निकाल लावणे आवश्यक आहे. हिटलरने या विमानाला बॉम्बफेकी बनवण्याचा हट्ट धरला आणि त्यामुळे ते वेळेवर आले नाही, ही कथा जवळपास प्रत्येक चर्चेत ऐकू येते. हट्ट खरा होता. नोव्हेंबर १९४३ मध्ये इन्स्टरबुर्गच्या प्रात्यक्षिकात त्याने हे विमान बॉम्ब वाहू शकेल का, असे विचारले होते आणि मे १९४४ मध्ये तसा आदेशही दिला होता. परंतु विलंबाचे मुख्य कारण इंजिन होते. युमो ००४ची मोठ्या प्रमाणावरील निर्मिती १९४४च्या मध्यापर्यंत सुरूच होऊ शकली नव्हती. इंजिनाशिवाय विमान ना लढाऊ असते ना बॉम्बफेकी. युद्धानंतर जर्मन सेनाधिकाऱ्यांनी आणि विमान-उद्योगातील मंडळींनी आठवणी लिहिल्या, तेव्हा सारा दोष एका मृत माणसाच्या माथी मारणे सोयीचे होते. ते काम इतके चोख झाले की ऐंशी वर्षांनंतरही समाजमाध्यमांवर तीच कथा फिरते आहे.

इंजिनापाशी थोडे थांबणे भाग आहे, कारण पुढील सारा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे.

जेट इंजिनाच्या गरम भागांना उष्णता सोसणारे मिश्रधातू लागतात, आणि त्यांसाठी निकेल, क्रोमियम, कोबाल्ट यांसारखे धातू लागतात. नाकेबंदीत सापडलेल्या जर्मनीकडे ते पुरेसे नव्हते. म्हणून युमो ००४ची उत्पादनासाठीची 'बी' आवृत्ती या धातूंचा वापर शक्य तितका टाळून आखली गेली. ज्वलनकक्ष साध्या पोलादी पत्र्याचे आणि त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. टर्बाइनची पाती पोकळ आणि आतून हवेने थंड ठेवलेली. परिणाम असा की इंजिनाचे आयुष्य दहा ते पंचवीस तासांच्या घरात राहिले. थ्रॉटल झटक्यात पुढे ढकलला तर इंजिन पेटण्याचा किंवा विझण्याचा धोका असे. संग्रहालयातील वाटाड्या ही माहिती मोठ्या रंजकतेने सांगतो आणि ऐकणारे जर्मन अभियंत्यांच्या कल्पकतेला दाद देतात. ती दाद अगदीच अस्थानी नाही.

पण या रचनेची दुसरी बाजू अशी की पत्रा वाकवून, जोडून, थोड्या प्रशिक्षणावर बनवता येईल असे हे यंत्र होते. पंचवीस तासांत टाकून द्यायचे इंजिन सतत आणि प्रचंड संख्येने बनवावे लागते. कुशल जर्मन कामगार रणांगणावर होते किंवा मेले होते. त्यांची जागा घ्यायला ज्यांना आणले गेले त्यांना मजुरी द्यायची नव्हती, पोटभर खायला द्यायचे नव्हते आणि ते मेले तर दुसरे आणता येत होते. टाकाऊ इंजिन आणि टाकाऊ माणूस ही एकाच हिशेबाची दोन कलमे होती.

हा हिशेब कागदावर आला तो १९४४च्या वसंतात. २० ते २५ फेब्रुवारी १९४४ या आठवड्यात दोस्तांच्या हवाईदलांनी जर्मन विमान-कारखान्यांवर सलग हल्ले चढवले. मेसरश्मिटचे रेगेन्सबुर्ग आणि आउग्सबुर्ग येथील कारखाने त्यात भाजून निघाले. १ मार्च रोजी 'येगरश्टाब' ही विशेष यंत्रणा स्थापन झाली : अल्बर्ट श्पेअरचे शस्त्रनिर्मिती मंत्रालय आणि हवाई मंत्रालय यांची ती एकत्रित चमू होती. लढाऊ विमानांची निर्मिती विखुरणे आणि जमिनीखाली नेणे हे तिचे काम. डोंगर पोखरायला माणसे हवी होती. ती एसएसने पुरवली.

ऑस्ट्रियात माउथहाउजेन छावणीपासून जवळच गुझेन नावाचे गाव आहे. तेथे आधीपासून छावणी होती. ९ मार्च १९४४ रोजी 'गुझेन-२' ही नवी छावणी उघडली गेली. तिच्यातील कैद्यांचे काम एकच : शेजारच्या झांक्ट गेओर्गेन गावाच्या टेकडीत भुयारे खणणे आणि मग त्या भुयारांत एमई-२६२चे सांगाडे बांधणे. या भुयारांना 'बेर्गक्रिस्टाल' म्हणजे 'स्फटिक' असे सांकेतिक नाव होते. वर्षभरात सुमारे ८ किलोमीटर लांबीची भुयारे तयार झाली. भुसभुशीत वालुकाश्म कोसळत असे आणि माणसे त्याखाली गाडली जात. कैद्यांना रोज मालगाडीच्या डब्यांत कोंबून नेले जाई आणि पाळी संपली की त्याच डब्यांतून परत आणले जाई. पोलिश, सोव्हिएत, स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच कैदी आणि १९४४ मध्ये आणलेले हंगेरियन ज्यू : युरोपचा नकाशाच त्या डब्यांत भरलेला असे. गुझेनच्या सर्व छावण्या मिळून मेलेल्यांची संख्या ३५,००० हून अधिक आहे. ५ मे १९४५ रोजी अमेरिकी सैन्य तेथे पोहोचले.

पंखांची कथा दुसरीकडे घडली. श्टुटगार्टजवळच्या लेओनबर्ग गावी एंगेलबर्ग टेकडीतून महामार्गाचा बोगदा काढला होता; १९३८ मध्ये तो खुला झाला तेव्हा जर्मनीच्या नव्या महामार्गांचे ते एक भूषण होते. सहा वर्षांनी त्याच बोगद्याची दोन्ही तोंडे बंद करून आत कारखाना थाटला गेला. नात्झवायलर छळछावणीची एक उपछावणी शेजारी उभी राहिली आणि तिच्यातील कैदी त्या बोगद्यात बारा बारा तासांच्या पाळ्यांत एमई-२६२चे पंख रिव्हेटने जोडू लागले. वायुविजन जेमतेम, आवाज कान फोडणारा. मोटारींच्या वेगासाठी बांधलेल्या बोगद्यात माणसे उभ्याउभ्या खंगत होती.

थुरिंगियातील काला गावाजवळच्या वाल्पर्सबर्ग टेकडीवर तर सारा कारखानाच वसवायचे ठरले. उपक्रमाला खुद्द हेर्मान ग्योरिंगचे नाव दिले गेले. टेकडीच्या पोटात निर्मिती, माथ्यावर धावपट्टी, आणि तयार विमान वर खेचून न्यायला उतारावरची लिफ्ट. हजारो परदेशी वेठबिगारांनी हा डोंगर पोखरला. त्यांतील कित्येक भूक, टायफस आणि मारहाण यांत मेले. युद्ध संपेपर्यंत तेथून तीसही विमाने बाहेर पडली नाहीत. प्रत्येक विमानामागे किती माणसे, हा भागाकार येथे करून पाहायला हवा आणि तो कोणत्याही वेगाच्या आकड्याइतकाच या विमानाच्या वैशिष्ट्यांत मोडतो.

आता युद्धानंतरचा प्रवास. अमेरिकेच्या कर्नल हॅरल्ड वॉटसन यांच्या तुकडीने लेखफेल्ड येथे हाती लागलेली एमई-२६२ दुरुस्त करून घेतली, ती फ्रान्समध्ये उडवत नेली आणि इतर जर्मन विमानांबरोबर 'एचएमएस रीपर' या जहाजावर चढवून अमेरिकेला पाठवली. वैमानिकांनी त्यांच्या नाकाडांवर आपल्या आवडीची नावे रंगवली. मग अमेरिकी क्रमांक आले, चाचण्या झाल्या, नवी विमाने आली आणि ही जुनी विमाने गंजत पडली. त्यांतील ५००४९१ या निर्मिती-क्रमांकाचे विमान स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे आले. गंज खोलवर शिरलेला होता. सहा हजारांहून अधिक मनुष्यतास खर्चून १९७९ मध्ये ते पूर्वरूपात आणले गेले.

कारागिरीच्या दृष्टीने हे काम अजोड होते, याबद्दल दुमत नाही. त्या कारागिरांनी हात घातला नसता तर आज कदाचित वाद घालायलाही विमान उरले नसते. पण 'पूर्वरूप' कोणते निवडले? हे विमान काही महिने जर्मन हवाईदलात होते आणि त्यानंतर अनेक वर्षे अमेरिकी मालकीत. त्यावर अमेरिकी नाव होते, अमेरिकी क्रमांक होता. हा सारा इतिहास उतरवून ते पुन्हा जेजी-७ या जर्मन तुकडीचे 'पिवळे ७' करण्यात आले. जर्मन चिन्हे आणि वैमानिकाने पाडलेल्या विमानांच्या खुणा पुन्हा रंगवल्या गेल्या. प्रेक्षकाला दिसते ते १९४५च्या वसंतातील एक दिमाखदार सकाळीचे विमान. त्या सकाळीच्या आदल्या महिन्यात ते ज्यांच्या हातांखालून गेले त्यांची कोणतीही खूण पूर्वरूपात आणण्याची पद्धत नाही. तशी खूण रंगवता येत नाही, हेही खरे.

रंग म्हणजे युक्तिवाद असतो, हे सिद्ध करणारे उत्तम उदाहरण त्याच संग्रहालयात आहे. तेथील व्ही-२ अग्निबाण १९७६ मध्ये मांडला गेला तो काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या रंगात. ३ ऑक्टोबर १९४२च्या पहिल्या यशस्वी चाचणीतील बाणाचा तो रंग. लंडन आणि अँटवर्पवर कोसळलेल्या बाणांचा रंग तो नव्हता. प्रायोगिक बाणाचा रंग दिला की वस्तू आपोआप अंतराळयुगाची पूर्वज ठरते. युद्धकाळातील छद्मरंग दिला असता तर ती शस्त्र दिसली असती. मिटेलबाउ-डोरा छावणीच्या भुयारांत हा बाण बांधणाऱ्या कैद्यांना घातपाताच्या संशयावरून सर्वांसमक्ष फासावर लटकवले जात असे. त्या बाणाच्या निर्मितीत मेलेल्यांची संख्या त्याच्या माऱ्यात मेलेल्यांहून अधिक आहे. १९९० मध्ये स्मिथसोनियनने व्ही-२ची मांडणी बदलली आणि छळछावणीतील श्रम आणि बाणाचे बळी या दोन्हींना फलकांत स्थान दिले. रंग मात्र तेव्हा तोच राहिला. तरीही बदल झाला, आणि त्याने संग्रहालयाचे प्रेक्षक कमी झाले नाहीत. हे करता येते, एवढे त्यातून दिसले.

जतन आणि जीर्णोद्धार यांतील भेद महाराष्ट्रातील तरुण इतिहासप्रेमींना नव्याने समजावण्याची गरज नाही. गडाच्या तटाला सिमेंटचा गिलावा दिसला की ज्यांचा संताप होतो, त्यांना मूळ चुना आणि नवी सफाई यांतील फरक ठाऊक असतो. विमानांच्या बाबतीत मात्र हीच मंडळी चकाकीवर भाळतात. दगडाच्या वाट्याला येणारी चिकित्सा ॲल्युमिनियमच्या वाट्याला येत नाही.

वेगळी वाट कॅनबेऱ्यात दिसते. ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या संग्रहातील एमई-२६२ (निर्मिती-क्रमांक ५००२००) मार्च १९४५ मध्ये रेगेन्सबुर्गला बांधले गेले आणि युद्धाच्या शेवटी फासबर्ग येथे ब्रिटिशांच्या हाती आले. मूळ रंग अंगावर असलेले ते जगातील एकमेव एमई-२६२ मानले जाते. रंग विटलेला आहे, ठिकठिकाणी उडालेला आहे. जर्मन तुकडीची अक्षरे आहेत आणि पकडल्यानंतर ब्रिटिशांनी फार्नबरोला दिलेली 'एअर मिनिस्ट्री ८१'ची ओळखही आहे. म्हणजे विमानाचे चरित्र एका दिवसावर गोठवलेले नाही. एका थरावर दुसरा थर दिसतो. घाईने मारलेला रंग, सांध्यांत भरलेले पुटिंग, पत्र्याची खडबडीत कड हे सारे पाहणाऱ्याला विचारायला भाग पाडते की हे इतक्या घाईत कोणी, कुठे, कोणत्या अवस्थेत केले असेल. सुबक नव्या रंगाचे विमान हा प्रश्न विचारू देत नाही. छायाचित्रात कॅनबेऱ्याचे विमान फिके दिसते. अभ्यासाच्या दृष्टीने ते सर्वांत बोलके आहे.

आक्षेप घेतले जातील आणि त्यांतील काही वजनदार आहेत.

पहिला असा की विमान-संग्रहालय हे तंत्रज्ञानाचे संग्रहालय आहे. छळछावणीचा इतिहास सांगायला माउथहाउजेन आहे, डाखाउ आहे. ही विभागणी सोयीची आहे, पण खोटी आहे. युमो ००४ तसे का बनवले, पंख एका गावी आणि सांगाडा दुसऱ्या गावी का बनला, दोन विमानांचे सुटे भाग एकमेकांत नीट का बसत नसत, इतकी विमाने तयार होऊनही इतकी थोडी का उडाली, या साऱ्या तांत्रिक प्रश्नांची उत्तरे वेठबिगारी वगळून देताच येत नाहीत. मजूर वगळले की यंत्राचे वर्णनच अपुरे राहते.

दुसरा आक्षेप : मग प्रत्येक देशाच्या प्रत्येक यंत्राचा असा पंचनामा करायचा का? करावा, जिथे पुरावा आहे तिथे करावा. एमई-२६२च्या बाबतीत पुरावा ढिगाने आहे : येगरश्टाबच्या बैठकांची इतिवृत्ते, छावण्यांच्या याद्या, वाचलेल्यांच्या साक्षी. हा पुरावा न्यूरेंबर्गच्या खटल्यांपासून उपलब्ध आहे. खुद्द विली मेसरश्मिटला युद्धानंतर अटकेत ठेवले गेले आणि १९४८ मध्ये नाझीवाद-निर्मूलन न्यायालयाने त्याला केवळ 'सहप्रवासी' ठरवून सोडले. विमान-रसिकांनी मात्र त्याला सहप्रवासीसुद्धा म्हटले नाही. त्यांनी त्याला फक्त प्रतिभावंत म्हटले.

तिसरा आक्षेप संग्रहालय-चालकांचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे : अशा मांडणीने वादळ उठते. १९९५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे' विमानाच्या प्रदर्शनावरून माजी सैनिकांच्या संघटना आणि अमेरिकी काँग्रेस स्मिथसोनियनवर तुटून पडली. मूळ प्रदर्शन रद्द झाले आणि संग्रहालयाचे संचालक मार्टिन हार्विट यांना राजीनामा द्यावा लागला. त्या अनुभवानंतर संचालकांनी फलकावर वेग, उंची आणि वजन एवढेच लिहिण्यात सुरक्षितता मानली तर त्यात नवल नाही. पण एनोला गेचा वाद निर्णयाच्या समर्थनाचा होता. गुझेनच्या भुयारांचे समर्थन करणारी कोणतीही माजी सैनिक संघटना नाही. येथील मौन भीतीचे कमी आणि सवयीचे अधिक आहे.

ही सवय किती दूर जाते, ते पाहायचे तर नव्याने बांधलेली एमई-२६२ पाहावीत. अमेरिकेत १९९३ पासून सुरू झालेल्या एका प्रकल्पात मूळ विमानाच्या आधारे, पण जनरल इलेक्ट्रिकची आधुनिक जे-८५ इंजिने बसवून नवी विमाने बांधली गेली; त्यांतील पहिले २० डिसेंबर २००२ रोजी उडाले. एक जर्मनीतील मेसरश्मिट प्रतिष्ठानाकडे गेले आणि हवाई प्रात्यक्षिकांत टाळ्या मिळवू लागले. हे विमान पगारी कामगारांनी, उत्तम धातूंनी, पुरेसा वेळ घेऊन बांधलेले आहे. म्हणजे त्यात १९४४चा आकार आहे आणि १९४४चे दुसरे काहीही नाही. चाहत्यांना तेच अधिक आवडते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

या साऱ्याचा भारताशी संबंध नाही असे वाटत असेल तर म्युनिकजवळच्या श्लाइसहाइम येथील विमान-संग्रहालयाकडे वळावे. तेथे एचए-३०० हे छोटे त्रिकोणी पंखांचे जेट पूर्वरूपात आणून ठेवले आहे. विली मेसरश्मिटने युद्धानंतर स्पेनमध्ये त्याचा आराखडा केला, पुढे प्रकल्प इजिप्तला गेला आणि ७ मार्च १९६४ रोजी हेलवान येथे त्याचे पहिले उड्डाण केले ते भारतीय चाचणी-वैमानिक कपिल भार्गव यांनी. याच काळात बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये कुर्ट टांक काम करत होते. १९५६ मध्ये ते भारतात आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचएफ-२४ मारुत १७ जून १९६१ रोजी उडाले. टांक हे युद्धकाळात फोके-वुल्फचे मुख्य अभियंते. त्या कंपनीनेही वेठबिगारांवर कारखाने चालवले. मारुत बंगळुरूच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात आहे, पुण्याच्या कमला नेहरू उद्यानातही आहे आणि शेजारी मुले खेळत असतात.

यातून मारुत कलंकित ठरते, असे म्हणणे मूर्खपणाचे होईल. ते भारतीय अभियंत्यांनी, भारतीय कामगारांनी, स्वतंत्र देशात बांधलेले विमान आहे आणि १९७१च्या युद्धात ते लढले. पण नवस्वतंत्र भारताने ज्ञान कुठून घेतले, कोणाला प्रश्न विचारले आणि कोणाला विचारले नाहीत, हा आपल्या इतिहासाचाही भाग आहे. टांक यांचे कौतुक करणारे मराठी लेख पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेक १९४५ वरून थेट १९५६ वर उडी मारतात, फार तर वाटेत अर्जेंटिनाला एक वाक्य देतात.

मग फलक कसा असावा? मागणी फार मोठी नाही. आज ज्या चौकटीत लांबी, पंखविस्तार, इंजिन, वेग, शस्त्रे लिहिलेली असतात त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरांत 'निर्मिती' असे एक कलम असावे : सांगाडे, बेर्गक्रिस्टाल भुयारे, झांक्ट गेओर्गेन, गुझेन-२ छावणीतील कैदी, पंख, एंगेलबर्ग बोगदा, लेओनबर्ग, नात्झवायलरच्या उपछावणीतील कैदी, आणि त्या त्या विमानाच्या निर्मिती-क्रमांकावरून जे शोधता येईल ते. वेगळा कोपरा नको, काळी चौकट नको, मंद संगीत तर नकोच. इंजिन कोणते, या प्रश्नाचे उत्तर जितक्या कोरडेपणाने दिले जाते तितक्याच कोरडेपणाने कोणी बांधले, याचेही द्यावे.

आणि जाणाऱ्यांनीही थोडी वाट वाकडी करावी. बेर्गक्रिस्टालच्या भुयारांपैकी काही युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने सुरुंग लावून उडवण्याचा प्रयत्न केला, बरीचशी पुढे धोकादायक म्हणून काँक्रीटने भरून टाकली गेली. गुझेन छावणीच्या जागेवर घरे उठली, बागा फुलल्या. दहनभट्टीभोवतीचा तुकडा वाचलेल्यांनी आणि मृतांच्या आप्तांनी धडपड करून वाचवला आणि १९६५ मध्ये तेथे स्मारक उभे राहिले. त्याच्या रचनाकारांपैकी लोदोविको बेल्जोयोसो हे इटालियन वास्तुविशारद स्वतः गुझेनचे कैदी होते.

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमच्या संग्रहात जे एमई-२६२ आहे, ते २५ एप्रिल १९४५ रोजी स्वित्झर्लंडमधील ड्यूबेनडॉर्फ येथे उतरले होते आणि १९५७ मध्ये जर्मनीला परत मिळाले. म्युनिकहून रेल्वेने अडीच तासांत श्टुटगार्ट येते आणि तेथून उपनगरी गाडी लेओनबर्गला जाते. जुन्या बोगद्याच्या तोंडाशी एक लांब पोलादी भिंत आहे. तिच्यावर, पंख जोडण्यासाठी तेथे आणलेल्या कैद्यांची नावे कोरलेली आहेत. ती उघड्यावर आहे. तिकीट लागत नाही.